गॅट्सबीकडे घोडा नव्हता

एमए इंग्रजीला फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी असेल, तर बहुतेक उत्तरवह्यांत एकच गोष्ट सापडते: गरीब मुलगा, अफाट पैसा, प्रेम, मृत्यू. त्यावर पास होता येतं. पण प्रश्न सामाजिक वर्गावर आला की हे उत्तर उघडं पडतं. या कादंबरीतला मुख्य झगडा श्रीमंत विरुद्ध गरीब असा नाहीच. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच गोष्टीनं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पैसा गॅट्सबीकडेही आहे आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीच्या नवऱ्याकडे, टॉम ब्युकॅननकडेही. तरी एक वेस्ट एगला, म्हणजे नवश्रीमंतांच्या वस्तीत, दुसरा खाडीपलीकडे ईस्ट एगला, पिढीजात श्रीमंतांच्यात. हे अंतर कशाचं, ते सहाव्या प्रकरणात दिसतं. टॉम, स्लोन नावाचा एक गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून रपेट करत गॅट्सबीच्या घरी येतात. दोन पेले झाल्यावर बाई त्याला जेवायला बोलावते. स्लोनला तो यायला नको आहे. बाकीच्यांना ते कळतं, गॅट्सबीला कळत नाही. ‘घोडा नाही माझ्याकडे, गाडीनं मागून येतो,’ म्हणून तो तयार व्हायला जातो. इकडे टॉम थक्क: तिला हा नकोय, हे याला समजत नाही? गॅट्सबी हॅट आणि ओव्हरकोट घेऊन बाहेर येतो, तोवर मंडळी निघून गेलेली असतात.

आमंत्रण मनापासूनचं की तोंडदेखलं, हे ओळखणं विकत मिळत नाही. ते घरातूनच यावं लागतं. वर्ग म्हणतात तो हा. आता सातव्या प्रकरणातली टॉमची फुशारकी याला जोडा: तबेल्याचं गॅरेज करणारे असतात, गॅरेजचा तबेला करणारा मी पहिलाच! मोटार कुणीही घेईल, पोलोचे घोडे बाळगण्यातला रुबाब वेगळा.

गॅरेजवाल्याची बायको आणि टॉमची प्रेयसी असलेल्या मर्टलकडेही याच नजरेनं बघा. न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये कपडे बदलले की ती मालकिणीच्या तोऱ्यात बर्फ आणायला सांगितलेल्या पोऱ्याबद्दल कुरकुर करते. आणि नवऱ्यावरचा तिचा राग कसला? त्यानं लग्नात दुसऱ्याचा सूट मागून घातला होता. राखेच्या खोऱ्यातली, म्हणजे राखेच्या ढिगांजवळच्या गरीब वस्तीतली बाई सुटावरून माणूस जोखते, आणि टॉमही गॅट्सबीला गुलाबी सुटावरूनच मोडीत काढतो.

गाईडमधली ‘महत्त्वाकांक्षी, आशावादी, रोमँटिक’ ही विशेषणं पाठ करू नका. अजिबात नको. सिनेमाही आधी पाहू नका, पार्ट्या डोळ्यांत भरतात आणि हे बारकावे निसटतात. मार्गदर्शक निवडता आला तर दर विधानाला ‘कुठल्या पानावर?’ विचारणारा निवडा. नुसती पाठ थोपटणाऱ्यांचा मला तरी काडीचा उपयोग झाला नाही. इंग्रजी जड वाटलं तर घाबरू नका. नऊच प्रकरणं आहेत, दुसऱ्या वाचनात पुष्कळ सुटतं.

गोष्ट सांगणाऱ्या निकला मात्र तटस्थ साक्षीदार समजू नका. घराण्याचा धंदा हार्डवेअरचा घाऊक व्यापार, पण ओढा ड्यूकांच्या वंशाशी नातं सांगण्याकडे. तो येल विद्यापीठात शिकला, डेझी त्याची नात्यातली. म्हणून दोन्हीकडची दारं त्याला उघडी आहेत. त्या दिवशी जेवणाचं आमंत्रण निकलाही होतं. ते स्वीकारायचं नसतं हे त्याला कळलं आणि त्यानं लगेच नाही म्हटलं. गॅट्सबीला जे कळत नाही, ते सांगणारा माणूस स्वतः त्याच वर्तुळातला आहे. वर्गावरचं उत्तर मी तरी इथूनच सुरू करेन.