सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले, तर पुढे काय करावे?

कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत किंवा पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असा शेरा येणे मुंबईत आता इतके नेहमीचे झाले आहे, की कित्येक जण तो वाचून फाइल कपाटात ठेवून देतात, तर काही जण त्याच संध्याकाळी केमिस्टकडून लिव्हर टॉनिकची बाटली घेऊन येतात. या दोन्ही गोष्टींनी यकृताचे काही भले होत नाही. हा आजार या शहराला नवा नाही. रेल्वे वसाहतींमधील रहिवाशांची तपासणी करून डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वीस वर्षांवरील जवळजवळ १९ टक्के लोकांच्या यकृतात, दारूचे कारण नसताना, चरबी आढळली होती. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईने हा डॉक्टर गमावला, पण सामान्य वस्तीतल्या माणसांचे यकृत तपासून पाहण्याची जी वाट त्यांनी दाखवली, ती आजही तितकीच उपयोगाची आहे.

सर्वांत आधी, रिपोर्टमधील ग्रेडला किती महत्त्व द्यायचे ते ठरवावे. सोनोग्राफीत चरबीमुळे यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा अधिक उजळ दिसते आणि तो उजळपणा नजरेने जोखून ग्रेड लिहिली जाते. त्यामुळे एकाच व्यक्तीला दोन केंद्रांवर दोन ग्रेड मिळू शकतात आणि चरबी थोडी असेल तर ती निसटूनही जाते. मुख्य म्हणजे, यकृतात चरबी किती आहे यापेक्षा तेथे वण किती पडले आहेत, म्हणजे फायब्रोसिस किती आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. फायब्रोसिसच्या पायऱ्या शून्यापासून चारपर्यंत मोजतात आणि चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस, म्हणजे वणांनी आक्रसून कडक झालेले यकृत. रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी हेच दाखवले, की बायोप्सीत, म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, दिसणाऱ्या सर्व खुणांपैकी रुग्णाच्या आयुष्याशी सर्वांत घट्ट संबंध फायब्रोसिसचा असतो. ग्रेड १ वाचून निश्चिंत होणे आणि ग्रेड ३ वाचून हाय खाणे, दोन्ही म्हणूनच घाईचे आहे.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज घरी बसून, कागद-पेन्सिलीने घेता येतो. त्यासाठी फिब-४ नावाचे सूत्र आहे. २००६ साली ते एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी तयार झाले, आणि पुढे फॅटी लिव्हरसाठीही तपासून पाहिले गेले. त्याला चारच गोष्टी लागतात: वय, एसजीओटी व एसजीपीटी ही रक्तचाचणीत मोजली जाणारी यकृताची दोन एन्झाइमे (रिपोर्टवर एएसटी आणि एएलटी), आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणावे. मग एसजीपीटीचे वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या आकड्याने गुणावे आणि पहिल्या गुणाकाराला या दुसऱ्या गुणाकाराने भागावे. चूक होते ती प्लेटलेटपाशी, कारण आपल्याकडील लॅब तो आकडा लाखांत छापतात आणि सूत्राला तो हजारांत हवा असतो, रिपोर्टवर १.८० लाख असेल तर सूत्रात १८० घालायचे.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट १.८० लाख आहेत. ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. चौसष्टचे वर्गमूळ ८, त्याला १८० ने गुणले की १४४०. भागाकार येतो १.७३. उत्तर १.३ पेक्षा कमी असेल तर गंभीर फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी असते. वय ६५ च्या पुढे असेल तर ही खालची मर्यादा २ धरतात. २.६७ च्या वर आकडा गेला तर यकृततज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. आपल्या उदाहरणातील १.७३ मधल्या पट्ट्यात पडतो, आणि या पट्ट्यातील माणसाला पुढची तपासणी लागते. येथे लक्षात घ्यावे, की एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही लॅबच्या मर्यादेत असूनही फायब्रोसिस असू शकतो, म्हणून रिपोर्टमध्ये काही ठळक छापलेले नाही एवढ्यावर समाधान मानू नये.

हे सूत्र केव्हा वापरायचे नाही, हेही माहीत हवे. पस्तिशीच्या आतील व्यक्तींत ते भरवशाचे ठरत नाही. शिवाय मुंबईकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: पावसाळ्यात डेंग्यू झाला की प्लेटलेट घसरतात आणि एसजीओटी वाढते, म्हणजे भागाकाराचा वरचा आकडा फुगतो आणि खालचा आटतो. तापाच्या दिवसांतील रिपोर्टवरून फिब-४ काढले तर निरोगी यकृतही धोक्याच्या रकान्यात जाऊन बसेल. ताप उतरून रक्ताचे आकडे पूर्ववत झाल्यावरच, नव्या रिपोर्टवरून हे गणित करावे.

मधल्या किंवा वरच्या पट्ट्यातील व्यक्तीची पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. रुग्णाला पाठीवर झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात आणि बरगड्यांच्या मधल्या जागेवर प्रोब टेकवून हलका ठोका देतात. त्या ठोक्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते यावरून त्याचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजला जातो. दुखत नाही, सुई नाही, काही मिनिटांत होते. मात्र तपासणीपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृताकडील रक्तप्रवाह वाढून आकडा खोटा चढतो. कावीळ असतानाही तो चढतो. शरीर स्थूल असेल तर मोठा प्रोब लागतो, तो केंद्राकडे आहे का हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारावे. साधारणपणे ८ किलोपास्कलच्या खाली काळजीचे कारण नसते, १२ च्या वर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता धरली जाते. बायोप्सी आता थोड्यांनाच लागते, जेथे या तपासण्या एकमेकींशी जुळत नाहीत किंवा आजाराचे कारणच नक्की होत नाही.

खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत पोटविकारांची ओपीडी आहे. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावे आणि सोबत जुने सारे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत. डॉक्टरांच्या हाती मिनिटे मोजकी असतात आणि तीन वर्षांतील प्लेटलेटचा उतार त्यांना एका दृष्टिक्षेपात दिसला, तर त्या मोजक्या मिनिटांचे चीज होते.

यकृतात चरबी आहे म्हणून दुसरे काही नाही, असे गृहीत धरू नये. हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्तचाचणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. हिपॅटायटिस सी आता बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची औषधे मोफत मिळतात. दारू किती घेतो हे डॉक्टरांना खरे सांगावे. घरची मंडळी शेजारी बसल्यामुळे अवघड होत असेल तर एकट्याने बोलायची वेळ मागून घ्यावी.

घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी द्यावी आणि काढे, चूर्णे, गोळ्या यांना त्यातून वगळू नये. कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत आढळले आणि त्यांनी ते २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. माझे मत असे, की ज्याचे यकृत आधीच आजारी आहे किंवा ज्याला थायरॉइडसारखा स्वप्रतिरक्षेचा (ऑटोइम्यून) विकार आहे, त्याने हा धोका पत्करू नये. उलट, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मात्र एसजीपीटी थोडी वाढलेली पाहून परस्पर बंद करू नये. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात आणि ती गोळी त्यापासूनच राखते.

उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा आजही वजन उतरवण्याचा आहे. क्युबातील हवाना येथे २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी आणि नंतर बायोप्सी केल्या गेल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले: ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन घटवले, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांच्या यकृताची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस मागे हटला. ऐंशी किलोच्या माणसाला हे आठ किलो होतात. तेवढे जमले नाही तरी पाच टक्क्यांनी चरबी उतरू लागते. आपल्या लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २३ आहे, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत हवी. सडपातळ दिसणाऱ्यानेही टेप लावून पाहावी. फोर्टहून विरार किंवा बदलापूरला रात्री साडेनऊला पोहोचणाऱ्या माणसाला ‘रोज जिमला जा’ असे सांगणे निरर्थक आहे. त्याऐवजी आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे स्टेशनच्या वाटेत बसवावे, कार्यालयातील दर चहातील साखर आणि बाटलीतील गोड पेये आधी थांबवावीत, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास चणे, उसळ किंवा घरची भाकरी असे काही खाऊन घ्यावे, म्हणजे रात्रीचे ताट आपोआप लहान होते.

औषधांचे संशोधन गेल्या काही वर्षांत वेगाने पुढे गेले आहे. भारतात सॅरोग्लिटाझारला २०२० मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या फायब्रोसिससाठी मान्यता मिळाली. अशा बातम्या वाचताना एक सवय लावून घ्यावी, ती म्हणजे प्लासिबो गटाचा आकडा शोधण्याची. औषधाचा अंशही नसलेले इंजेक्शन किंवा गोळी घेणारा तो गट. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांनी ६२.९ टक्के रुग्णांची यकृताची सूज गेली, पण प्लासिबो गटातही ३४.३ टक्क्यांची गेली होती. म्हणजे शंभरातील सुमारे २९ जणांचा जास्तीचा लाभ औषधाचा. हा लाभ खरा आणि मोठा आहे, परंतु बातमीच्या मथळ्यातील ६३ टक्क्यांपेक्षा तो वेगळा आहे. ही औषधे साध्या ग्रेड १ साठी नाहीत, हेही मथळ्यात येत नाही.

सिरॉसिस झालेला असेल तर वाट वेगळी होते: दर सहा महिन्यांनी कर्करोगासाठी सोनोग्राफी, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांची तपासणी, दारू पूर्ण बंद. रक्ताची उलटी, काळी शी, पोटात पाणी किंवा बोलण्यात भ्रम दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रत्यारोपणाचा विषय निघाला तर मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी प्रतीक्षायादीत नाव मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत मुंबईच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, नोंदवले जाते. बाहेरच्या मध्यस्थाला त्यात जागा नाही.

एखाद्या रुग्णालयाने नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, तर घाबरून नकार देण्याचे कारण नाही आणि भारावून सही करण्याचेही नाही. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीच्या, म्हणजे सीटीआरआयच्या, संकेतस्थळावर तो पडताळावा; जून २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे. संमतिपत्र मराठीत मागून घ्यावे, ते घरी नेऊन वाचावे, आणि तीन प्रश्नांची उत्तरे लेखी पाहावीत: इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, बायोप्सी किती वेळा करणार, आणि मधेच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार तसेच चालू राहणार का.