कॅनडात शिकून पीआर हवाय? आधी नोकरीचं पत्र बघा

कॅनडात पदवी घ्या, वर्षभर नोकरी करा, पीआर (तिथे कायमचं राहण्याचा हक्क) ठेवलेलाच आहे, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वर्षभराच्या नोकरीने तुम्ही 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास'साठी, म्हणजे कॅनडात काम केलेल्यांच्या पीआर योजनेसाठी, फक्त पात्र ठरता. पुढे एक्स्प्रेस एंट्री या सरकारी निवड-यादीतल्या गुणांवर पीआरचा अर्ज करायचं बोलावणं येतं, आणि ते आल्यावरही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली बघितल्यात. चांगले गुण असलेली माणसं अडकतात ती नोकरीच्या पत्रावर, म्हणजे कंपनीने दिलेल्या कामाच्या दाखल्यावर. म्हणून बाकीचं भराभर सांगते.

वर्क परमिट. कोर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजने कळवल्यापासून 180 दिवसांत पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटचा (शिक्षणानंतर नोकरी करायच्या परवान्याचा) अर्ज करा. तो एकदाच मिळतो. पासपोर्टची मुदत संपते तिथे परमिटही संपतो, म्हणून पासपोर्ट आधी नवा करून घ्या.

इंग्रजी. आयईएल्ट्स जनरल ट्रेनिंग, सेल्पिप किंवा पीटीई कोअर, यांतली एक परीक्षा द्या. प्रवेशासाठी दिलेली अकॅडमिक आयईएल्ट्स चालत नाही. आयईएल्ट्समध्ये ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7 आले की गुण एकदम वाढतात. अर्ध्या बँडने हुकलं असेल तर मुकाट्याने परत द्या. फ्रेंच येत असेल तर तीही परीक्षा द्याच.

तास. अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांत मिळून 1,560 तासांचं पगारी काम लागतं. आठवड्याला 30 तासांपुढचे तास धरत नाहीत, त्यामुळे डबल शिफ्ट मारून वर्ष लवकर भरत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असतानाचं काम (को-ऑप, म्हणजे कोर्सचाच भाग असलेली नोकरी, त्यासकट) बाद. सुट्टीला घरी येऊन लॅपटॉपवर केलेलं कामही धरू नका, काम कॅनडात बसून केलेलं हवं.

कोड आणि पत्र. कॅनडा प्रत्येक कामाला पाच आकडी एनओसी कोड देतो (एनओसी म्हणजे इथे कामांची सरकारी वर्गवारी, ना-हरकत दाखला नव्हे), आणि त्यातला दुसरा आकडा म्हणजे टीअर, कामाची पातळी. 0 ते 3 चालतात, 4 आणि 5 नाही. दुकानातला सुपरवायझर 62010, म्हणजे टीअर 2. सेल्समन 64100, म्हणजे टीअर 4. इथेच लोक फसतात. बिल्ल्यावर 'सुपरवायझर' लिहिलंय म्हणून 62010 टाकतात, आणि दिवसभर उभे असतात गल्ल्यावर. अधिकारी हुद्दा बघत नाही, काम बघतो. कोणाची शिफ्ट कधी लावायची, परत आलेल्या मालाला मंजुरी, विक्रीचा अहवाल हे तुम्ही खरंच करत असाल तरच तो कोड तुमचा. करत नसाल तर नोकरी बदला, कोड नको. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं अर्जाचं नावच काढायचं नाही.

आता पत्र. एचआरकडे मागितलंत की तीन ओळी येतात: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे पूर्णवेळ कामाला आहे. मलाही असंच मिळालं होतं, आणि दुसरं मागितल्यावर 'आमच्याकडे हाच फॉरमॅट आहे' हे उत्तर. त्यांच्याशी वाद घालू नका. पत्राचा मसुदा स्वतः करा, कामांची यादी साहेबांकडून तपासून घ्या, मग एचआरकडे पाठवा. लेटरहेडवर हे सगळं हवंच: हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास आकड्यात, वार्षिक पगार आणि इतर लाभ, कामांची यादी, कंपनीचा पत्ता-फोन-ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. नुसतं 'पूर्णवेळ' लिहिलं तर तास कुठून मोजणार?

कामांची यादी एनओसीच्या पानावरून जशीच्या तशी उतरवू नका. 'ग्राहकांच्या तक्रारींचे निराकरण' हे सगळेच लिहितात. 'आठ कॅशियरचं आठवड्याचं वेळापत्रक लावते' हे त्या दुकानात काम करणाराच लिहील.

कंपनी हटूनच बसली, तर साहेबांचं सहीचं पत्र, नेमणुकीचा करार, पगाराच्या पावत्या, टी4 (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कराचा कागद) आणि एचआरने नकार दिल्याचा ईमेल जोडा, आणि सोबत एका पानात कारण लिहा. हे चालेलच अशी हमी नाही, पण रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं. नोकरी सोडताना मात्र पत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका; नंतर कोणी फोन उचलत नाही.

बोलावणं आल्यावर. 60 दिवस मिळतात. गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने राहिलात त्या देशांची पोलीस प्रमाणपत्रं लागतात, कॅनडाचं सोडून. मेडिकल आता अर्जासोबतच जोडावी लागते. पैसे घेऊन सल्ला देणारा गाठलात तर आधी सरकारमान्य सल्लागारांच्या यादीत त्याचं नाव शोधा.

वर्क परमिट संपत आला असेल तर पीआर अर्जाची पोच मिळताच ब्रिजिंग ओपन वर्क परमिटचा (पीआरचा निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवायच्या परवान्याचा) अर्ज टाका, जुना परमिट संपायच्या आत.