घरातल्या घरात डायल-अप सेवा : काय लागतं, किती पडतं

आधी हिशेब. डायल-अपवर, म्हणजे फोनलाइनवरून नंबर फिरवून जोडायच्या जुन्या इंटरनेटवर, एका वेळी जितकी माणसं, तितक्या फोनलाइनी आणि तितकेच मोडेम (संगणकाचा डेटा फोनलाइनवरून पाठवणारे डबे) लागतात. सगळे ग्राहक एकदम येत नाहीत, म्हणून दहा ग्राहकांमागे एक लाइन असा ढोबळ नियम असे. ३०० ग्राहक, ३० लाइनी. संगणक एखाददुसराच पुरे. खिसा रिकामा व्हायचा तो लाइनींच्या बिलात.

घरी करताना हीच लाइन फुकट पाडायची. त्यासाठी ऑफिसातून निघालेला इंटरकॉमचा ईपीबीएक्स, म्हणजे आतले फोन (एक्स्टेंशन) एकमेकांना फुकट जोडणारा डबा, घ्या. माझा आठ एक्स्टेंशनचा डबा भंगारवाल्याकडे १,२०० रुपयांना मिळाला.

मग मोडेम. सीरियल पोर्टचा, बाहेरचा घ्या; विंडोजच्या ड्रायव्हरवर चालणारी आतली कार्डं लिनक्सवर डोकं खातात. मला एक ४०० ला पडला. अ‍ॅडॉप्टर मूळचाच मागून घ्या, कारण काहींना डीसी नाही, एसी लागतो. समोरच्या टोकाला जुना लॅपटॉप असेल तर त्यात बहुधा मोडेम असतोच.

सर्व्हर म्हणजे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असलेला कुठलाही जुना डेस्कटॉप. त्यावर लिनक्स आणि एमगेटी, पीपीपीडी हे दोन प्रोग्रॅम टाका. एमगेटी फोन उचलतो. एमगेटीच्या लॉगिन फाइलमधली ऑटो-पीपीपीची ओळ चालू केली की पुढचं, म्हणजे फोनवरून नेटवर्कची जोडणी करायचं काम, पीपीपीडी बघतो. आयपी फॉरवर्डिंग आणि नॅट (लॅपटॉपची रहदारी सर्व्हरमार्गे इंटरनेटवर पोचवणाऱ्या सोयी) चालू करायला विसरू नका, नाहीतर जोडणी होते पण पान हलत नाही.

आता मोडेम एक्स्टेंशन २१ वर, लॅपटॉप २२ वर. डायल करा. माझी अख्खी संध्याकाळ 'डायल टोन नाही' या एका ओळीत गेली. इंटरकॉमचा टोन वेगळा असतो, मोडेम तो ओळखत नाही. लॅपटॉपवर मोडेमच्या सेटिंगमधल्या जादा कमांडच्या रकान्यात एक्स३ (X3) लिहिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

५६के (सेकंदाला ५६ हजार बिट) वेग मिळणार नाही. त्यासाठी सर्व्हरकडची लाइन डिजिटल हवी. दोन्हीकडे साधी लाइन असली की कमाल ३३.६के. माझी जोडणी ३१,२०० वर होते, म्हणजे एक एमबी उतरायला साडेचार मिनिटं.

बाहेरच्यांना ही सेवा विकायची तर परवाना लागतो. हे सगळं घरापुरतंच. आणि जुन्या लॅपटॉपवरच्या विंडोज ९८ च्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत, म्हणून त्याच डेस्कटॉपवर एक छोटा वेब सर्व्हर टाकून दोन-चार साधी पानं ठेवा.