रोमन स्टोइक नीतिविचार वाचायला सुरुवात कुठून करावी

स्टोइक (सद्गुणालाच खरं हित मानणारा प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानपंथ) म्हटलं की नवा वाचक बहुधा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस उघडतो. तो शेवटी वाचा, असा आमचा आग्रह आहे. सम्राटाने स्वतःसाठी ग्रीकमध्ये लिहिलेली ती टिपणं आहेत. मागचे वाद ठाऊक नसले की त्यांचे 12 भाग सुविचारांसारखे वाचले जातात.

सुरुवात स्टोइक शिक्षक एपिक्टीटसच्या प्रवचनांतल्या भाग 1, प्रकरण 2 पासून करा. सम्राट वेस्पासियन सिनेटचा, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेचा, सदस्य हेल्विडियस प्रिस्कसला निरोप धाडतो, सभेला येऊ नकोस. उत्तर येतं: मला सदस्य ठेवायचं की नाही हे तुमच्या हातात, पण सदस्य आहे तोवर यायलाच हवं. सम्राट म्हणतो: बरं, ये, पण गप्प बस. मत विचारू नका, गप्प बसतो. विचारावं तर लागणारच. मग मलाही योग्य वाटेल ते बोलावं लागणारच. ठार मारीन! मी अमर आहे असं कधी म्हणालो?

'विचारावं लागणार' ते का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी बसलेला अधिकारी सदस्यांना दर्जाच्या क्रमाने नाव घेऊन मत विचारी. ही पद्धत माहीत नसेल तर संवाद नुसता बाणेदार वाटतो. माहीत असेल तर दिसतं की हेल्विडियस आपल्या पदाचं काम करतोय. अमुक माणसाने काय करणं योग्य, हे त्याच्या भूमिकेवरून ठरतं. रोमन स्टोइकांचा सगळा भर तिथे आहे. म्हणून 'स्थितप्रज्ञ' हा शब्द घाईने चिकटवू नका. शांत मन दिसतं, सभागृह दिसेनासं होतं.

मग रोमन राजकारणी आणि वक्ता सिसरोचा कर्तव्यांवरचा ग्रंथ (इ.स.पू. 44), भाग 3, परिच्छेद 50 ते 57. ऱ्होड्समध्ये दुष्काळ, एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी गलबतं येताहेत हे त्याला माहीत आहे. सांगावं की चढ्या भावाने विकावं? डायोजेनिस आणि अँटिपेटर, दोघेही स्टोइक, उलट उत्तरं देतात. दोन्ही बाजू वहीत स्वतःच्या शब्दांत मांडा आणि मगच सिसरोचा निकाल वाचा. तो स्वतः स्टोइक नाही हे ध्यानात असू द्या. नेमकी इथेच फार गफलत होते.

सम्राट नीरोचा गुरू आणि सल्लागार असलेला स्टोइक सेनेका एकटा वाचू नका, सोबत इतिहासकार टॅसिटस हवाच. नीरोने सावत्र भाऊ ब्रिटानिकसला विष दिल्याचं टॅसिटस सांगतो, साल इ.स. 55. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत सेनेका दयेवरच्या निबंधात नीरोने रक्ताचा थेंबही सांडला नसल्याचं लिहितो. हे बोचायला हवं. इ.स. 59 मध्ये नीरोने आईला मारवलं आणि सिनेट त्याची खुशामत करू लागली, तेव्हा स्टोइक सिनेटर थ्रासिया पीटस सभागृहातून उठून गेला. सेनेकाचं आणि थ्रासियाचं, ही दोन वर्तनं शेजारी ठेवून तुलना करा.

आता मार्कस, भाग 1, टिपण 14. तिथे एकाधिकारशाहीला विरोध केल्याबद्दल ओळखली जाणारी पाच नावं आहेत: थ्रासिया, हेल्विडियस, केटो, डिओन, ब्रूटस. हेल्विडियसला वेस्पासियनच्या राजवटीत मारलं गेलं. त्याच गादीवर बसलेला माणूस त्याचं नाव आदराने लिहितोय.