केसांची प्लेट ओतण्याआधी

प्रोजेक्टसाठी माणसाचे केस घातलेल्या एपॉक्सी रेझिनची, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणाऱ्या चिकट द्रवाची, प्लेट पुढच्या शनिवारी ओतायची असेल तर तयारीला या रविवारीच लागा. रेझिनच्या डब्यामागे आधी धावू नका, आधी केस. रविवारी संध्याकाळी पेठेतल्या कुठल्याही सलूनमध्ये भरपूर केस मिळतात, पण सकाळीच दादांना सांगून ठेवा की रंगवलेले केस वेगळे काढा. ब्लीच किंवा स्मूदनिंग झालेल्या केसातले गंधकाचे बंध तुटलेले असतात, आणि केसाची ताकद त्याच बंधांवर उभी असते. लांब केस हवेत तर पार्लरमधल्या ताईंना विचारा. आणलेले केस वर्तमानपत्रावर पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवा. मला एकदा गुंत्याच्या पोटात अर्धे ब्लेड सापडले होते. तेव्हापासून जाड ग्लोव्हजशिवाय मी केसांत हात घालत नाही.

आता धुणे. माझ्या मते निम्मा प्रयोग इथेच होतो. केसावरचा तेलकट थर राहिला की रेझिन त्याला धरतच नाही. कोमट पाणी आणि साधा शाम्पू किंवा रिठ्याचे पाणी घेऊन दोनदा धुवा, मग फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. कंडिशनर अजिबात नको, तोही थर ठेवतो. ‘तंतू कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) पाण्यात भिजवा’ ही ओळ एका प्रोजेक्ट रिपोर्टमधून दुसऱ्यात उतरत आली आहे. ती तागासाठी आहे. ताग म्हणजे सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचा तंतू; केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिन. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीत कॉस्टिक घालतात, कारण ते केस खाते. मुलांनो, एवढे एक माझे ऐका.

वाळवायला सावली आणि पंखा, त्यानंतर ओव्हनमध्ये ६० अंश. दर तासाने वजन करा आणि सलग दोन वजने सारखी आली की थांबा. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरतो, आणि पुण्याच्या जुलैत नुसती हवाच पुरते. पावसाळ्यात आम्ही घाईने ओतलेली एक प्लेट उजेडासमोर धरली तर आत प्रत्येक केसाला बुडबुड्यांची माळ लगडलेली. वाळलेले केस लगेच हवाबंद डब्यात भरा. असे डबे बोहरी आळीत मिळतात.

कापताना लांबी २० ते ३० मिलिमीटर ठेवा, आणि कापून झाले की कापसासारखे हाताने पिंजून घ्या, नाहीतर रेझिनमध्ये गोळे होतात. एकेक गोळा म्हणजे प्लेट तुटायची जागा.

हिशेब कागदावर आधीच करा. २०० बाय २०० बाय ३ मिलिमीटरच्या प्लेटचे घनफळ १२० घनसेंटिमीटर. त्यात १० टक्के केस म्हणजे १२ घनसेंटिमीटर. केसाची घनता साधारण १.३, म्हणून वजन १५ ते १६ ग्रॅम. बाकी १०८ घनसेंटिमीटर एपॉक्सी म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम, वर थोडे जास्तीचे, कारण ग्लासला चिकटून वाया जातेच. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वजन करून घाला, अंदाजाने नाही. सगळे मिश्रण एकाच खोल ग्लासात ठेवू नका, ते तापते आणि कधी धूरही सोडते. साच्याला मेण, वर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद), खिडकी उघडी.

त्याच डब्यातल्या रेझिनची बिनकेसांची एक प्लेट सोबत ओताच. ती नसेल तर केसांनी ताकद वाढली की घटली, हे तुम्ही कशावरून सांगणार?

प्लेटमधून कापलेल्या पट्ट्या ताणून तोडायला यूटीएम, म्हणजे ताकद मोजायचे यंत्र लागते. त्याची वेळ आजच मागून ठेवा आणि ‘लोडसेल (जोर मोजणारा भाग) केवढा?’ हे जरूर विचारा. १३ बाय ३ मिलिमीटरच्या पट्टीला तुटायला जेमतेम दोन किलोन्यूटन लागतात. सळया तोडायच्या १००० किलोन्यूटनच्या यंत्रावर तो आकडा भरवशाचा येत नाही. पाच-दहा किलोन्यूटनचे यंत्र गाठा. प्लास्टिक ताणून तपासायच्या एएसटीएम डी ६३८ या मानकाप्रमाणे निदान पाच पट्ट्या लागतात. त्या कापताना मास्क लावा.

तुटलेले तुकडे फेकू नका. तुटलेल्या बाजूला बोट न लावता पाकिटात भरा, नंबर टाका आणि घरी भिंगाखाली बघा. बाहेर आलेल्या केसावर रेझिनचे कण चिकटलेले दिसले तर पकड बसली होती. केस गुळगुळीत, स्वच्छ उपसून आला असेल तर पुढच्या खेपेला शाम्पूचा तिसरा हात द्या.