कॉलेजचा फॉरवर्ड परदेशी लीगपर्यंत कसा पोहोचेल

इंटरकॉलेजिएट बास्केटबॉलमध्ये सहा फूट चार इंचांचा मुलगा रिंगखाली उभा राहतो, रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) ओढतो आणि मॅच काढून देतो. युरोपातल्या खालच्या डिव्हिजनमध्येही १९३ सेंटिमीटर ही बऱ्याचदा गार्डचीच, म्हणजे रिंगपासून लांब बॉल हाताळणाऱ्याची, उंची असते. म्हणून मुंबईतून बाहेर खेळायचं असेल, तर पहिलं काम पोस्ट (रिंगजवळची जागा) सोडून विंगवर (बाहेर, बाजूला) येण्याचं. हा बदल सहा महिन्यांत होत नाही. एफवायलाच सुरुवात करा.

आधी थ्री-पॉइंटची रेषा तपासा. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) २०१०मध्ये ती ६.२५ मीटरवरून ६.७५वर नेली, पण जुन्या सिमेंट कोर्टवर जुनाच रंग असू शकतो. रिंगच्या मधोमध ओळंबा सोडा (सुतळीला नट बांधला तरी चालतो) आणि खाली खडूने खूण करा. ती बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर यायला हवी. येत नसेल तर बोर्डच पुढेमागे झालाय. खुणेपासून रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.७५ मीटर भरले पाहिजेत. रिंगची उंचीही मोजा, ३.०५ मीटर.

कोपऱ्यात मात्र ही रेषा साइडलाइनला समांतर जाते आणि खेळाडूला जेमतेम ९० सेंटिमीटरची पट्टी मिळते. बारा-तेरा नंबरचा बूट तीस सेंटिमीटरच्या वर जातो. पास घेताना सवयीने एक पाय मागे टाकला की बाहेर. म्हणून कोपऱ्यात पोहोचल्यावर आधी दोन्ही पाय बसवा, मगच हात दाखवून पास मागा.

पाच जागांवरून प्रत्येकी पन्नास शॉट घ्या आणि वहीत लिहा. त्यातले निम्मे स्प्रिंट मारून दम लागल्यावर घ्यायचे. उभ्या उभ्या ४५ टक्के आणि धावून ३० टक्के पडत असतील, तर तुमचा खरा आकडा ३०.

डिफेन्समध्ये पोस्टवाल्यांची नेहमीची चूक क्लोजआउटची, म्हणजे शूटरला अडवायला धावून जाण्याची. शूटरकडे ताठ अंगाने धावत जातात, वजन पुढे पडलेलं असतं आणि समोरचा एका ड्रिबलमध्ये बगलेतून निघून जातो. शेवटची तीन पावलं छोटी, कंबर खाली, एक हात वर.

एका गोष्टीत आपली मुलं पुढे आहेत. इम्पोर्टच्या (परदेशी खेळाडूंच्या) जागांसाठी तुमची स्पर्धा अमेरिकन कॉलेजच्या खेळाडूंशी असते. त्यांच्या नियमांत रिंगवर असलेल्या बॉलला हात लावता येत नाही. फिबात शॉट रिंगला लागला की वरून टॅप करता येतो. आपण लहानपणापासून फिबाच्याच नियमांनी खेळतो. हा टॅप व्हिडिओत आवर्जून दाखवा.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा ठेवा, गाणं नको. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला स्वतःभोवती वर्तुळ काढा, पहिल्या तीस सेकंदांत शूटिंग आणि डिफेन्स दाखवा. डंकने कोच खूश होतो हा गैरसमज आहे. सोबत दोन-तीन अख्ख्या मॅच न कापता आणि त्यांच्या बॉक्स स्कोअरसह (प्रत्येक खेळाडूच्या आकडेवारीसह) द्या; कोच खरा निर्णय त्यावरून घेतो. कॅमेरा हाफलाइनजवळ, उंचावर, ट्रायपॉडवर लावा. उंची अनवाणी मोजून सेंटिमीटरमध्ये लिहा; दोन इंच वाढवून लिहिणारा पहिल्याच दिवशी पकडला जातो.

वेळापत्रक नीट बसवा. युरोपातले बरेचसे करार जून ते ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे नेमके आपल्याकडे पावसाने ओपन कोर्ट बंद असताना. त्यामुळे चित्रीकरण हिवाळ्यातल्या स्पर्धांमध्येच उरका आणि पावसाळ्यासाठी लाकडी फ्लोअरचा हॉल आधीच बघून ठेवा. सिमेंटचे बूट त्या फ्लोअरवर नेऊ नका. तळ झिजलेला असतो, पाय सरकतो.

एजंट फिबाचा परवानाधारकच हवा. यादी फिबाच्या साइटवर मिळते. ‘ट्रायल फी’ किंवा ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे आगाऊ मागणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. ‘आधी टूरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्या क्लबलाही नकार द्या. तसा करार पाळला नाही तर दाद मागायची सोय उरत नाही.

करारात पगार टॅक्स कापून किती, कोणत्या तारखेला, घर, विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट, दुखापतीचा विमा हे सगळं लेखी घ्या. पगार ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला तर करार सोडण्याचा हक्क लिहून घ्या. वाद बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे (लवादाकडे) नेण्याचं कलम तर हवंच. हे ट्रिब्युनल जिनिव्हात आहे, आणि त्याचा निवाडा न पाळणाऱ्या क्लबवर फिबा नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घालू शकते. या कलमाशिवाय सही करू नका.

देश बदलताना लेटर ऑफ क्लिअरन्स (ना-हरकत पत्र) लागतं. ते भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून येतं. इथे एखाद्या क्लबशी करार चालू असेल तर ते अडकतं. रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागला असाल, तर बाहेर पगारी खेळण्याआधी विभागाची लेखी परवानगी घ्या. घरचे पक्की नोकरी सोडू नको म्हणतील, आणि त्यांची काळजी रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न ऑफर हातात पडण्याआधी त्यांच्याशी बोलून सोडवा.

क्लबच्या मेडिकलमध्ये गुडघे, घोटे आणि हृदय बघतात. निघण्याआधी इथेच ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या. जुन्या दुखापतीचे एमआरआय सोबत न्या. सर्दीचं औषधही लेबल वाचून घ्या. स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की मॅचच्या काळात प्रतिबंधित आहे, आणि ‘घरून आणलेली गोळी होती’ हे कारण डोपिंगच्या सुनावणीत पुरत नाही.