बाळ रात्री सारखं उठतं? दूध पाजण्यातल्या या चुका टाळा

रात्री दोनला बाळ उठलं की घरातला प्रत्येक जण रात्रीवरच उपाय शोधतो. कुणी झोळी जोरात हलवतं, कुणी झोपण्याआधी जास्तीचं दूध पाजायला सांगतं. माझं म्हणणं आहे की आधी दिवस तपासा. बाळाला चोवीस तासांत जेवढं दूध लागतं तेवढं लागतंच; दिवसा राहून गेलेलं ते रात्री मागून घेतं.

घड्याळ बघून पाजणं

"दर तीन तासांनी पाज" हा सल्ला बाळंतिणीला हमखास मिळतो. मग दोन तासांतच मुठी चोखू लागलेल्या बाळाला खेळवत, फिरवत कसाबसा तिसरा तास गाठला जातो. नवजात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध लागतं, पण दोन वेळांमधलं अंतर सारखं नसतं. तोंड इकडेतिकडे वळवणं, ओठ चाटणं, हात तोंडात घालणं ही भुकेची सुरुवात. रडणं ही शेवटची पायरी. रडून दमलेलं बाळ चार घोट घेतं, अंगावरच झोपतं आणि पाऊण तासाने पुन्हा उठतं. घरचे म्हणतात, याला झोपच नाही. खरं तर त्याचं पोट अर्धंच भरलेलं असतं. असं पिता पिता झोपणाऱ्या बाळाचे तळपाय चोळा, लंगोट बदला, दुसऱ्या बाजूला घ्या.

उलट, जन्मानंतरचे पहिले काही दिवस बाळ सलग पाच-सहा तास झोपलं म्हणून खूश होऊ नका. जन्माचं वजन परत येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, त्याला उठवून पाजावं लागतं.

संध्याकाळची घाबरगुंडी

दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत बाळ दर अर्ध्या तासाला अंगावर येतं. "दूध पुरत नाही" असा निष्कर्ष निघतो आणि वरच्या दुधाचा डबा आणला जातो. लहान बाळांचं संध्याकाळी असं लागोपाठ पिणं स्वाभाविक आहे. दूध पुरतंय की नाही ते लंगोट सांगतो: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू आणि वजनात वाढ. यांपैकी एक जरी नसेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. हे ठीक असेल तर डबा नको. बाळ अंगावर जितकं कमी पितं, तितकं दूधही कमी बनतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचं पाजणं सरसकट बंद करणं महागात पडतं.

झोप यावी म्हणून काहीतरी देणं

इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या कित्येक आया बाळाला अफूची बाळागोळी देत. ती गेली, पण उगाळलेलं जायफळ अजून घराघरात आहे. जायफळाने बाळाला गुंगी येते, विषबाधा होऊ शकते, आणि गुंगीतलं बाळ भूक लागूनही उठत नाही. मधातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होण्याचा धोका असतो, वर्षापर्यंत तो चाटवूही नका. बाटलीत नाचणीचं सत्त्व घातल्याने झोप वाढत नाही. ते घशात अडकू शकतं. आणि मे महिन्याच्या घामाघूम दुपारीही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध राहतं.

नोकरी सुरू झाल्यावरची रात्र

कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते. ती संपते आणि विरारहून चर्चगेटला जाणारी आई दहा-अकरा तास घराबाहेर राहते. दिवसा बाटलीतून थोडंसंच पिणारं बाळ आई आल्यावर रात्रभर अंगावर पितं. त्याला सवय बिघडली म्हणतात, पण ते फक्त राहिलेला हिशेब पूर्ण करत असतं. त्याला रात्री तोडण्यापेक्षा दिवसाचं दूध वाढवा.

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा मोकळा वेळ मिळणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे. घर लांब असेल तर त्या वेळात दूध काढा. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं. मुंबईत त्याहून गरम असतं, म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत ठेवा. तिथे ते चोवीस तास आणि घरी फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. सासूबाई "शिळं दूध" म्हणाल्या तर त्यांना सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं सांगा. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवून तिथे नाजूक नवजात बाळांना दिलं जातं.

आणि सांभाळणाऱ्या आजीला किंवा ताईंना एक विनंती करून ठेवा: आई यायच्या तासभर आधी भरली बाटली देऊ नका. फारच रडलं तर दोन-चार घोट पुरे. म्हणजे तुम्ही हातपाय धुऊन बसलात की भुकेलं बाळ पोटभर पितं आणि दिवसभराने जड झालेली छातीही मोकळी होते.